रोजची उपकारस्तुती : मनापासून की सवयीने?

नगरकरीण_मडगाव | १२ जुलै, रात्री १०:१५

सर्वांना सलाम.

आम्ही मूळचे नगरचे, प्रोटेस्टंट. नवऱ्याची नोकरी वेर्ण्याला, म्हणून सहा वर्षांपासून मडगावात आहोत. रात्री जेवणाआधी आमच्याकडे प्रार्थना होते. शब्द माझ्या आजेसासूबाईंपासून चालत आलेले : आजच्या दिवसाबद्दल, अन्न-वस्त्र-निवाऱ्याबद्दल, आरोग्याबद्दल तुझी उपकारस्तुती करतो. मी ते एका दमात म्हणते.

परवा मुलगा (चौथीत आहे) म्हणाला, "आई, तू रोज तेच म्हणतेस. देवाला आता पाठ झालं असेल ना?"

नवरा हसला, मीही हसले. पण रात्री झोप लागेना. कारण खरं सांगायचं तर प्रार्थना चालू असताना मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तिसरी झाली की गॅस बंद करायचा होता.

तर विचारायचं हे : देवाचे उपकार रोज खरोखर जाणवावेत यासाठी तुम्ही काय करता? की ते जाणवायलाच हवेत असं काही नाही, म्हटलं म्हणजे झालं? इथे गोव्यात कॅथलिक शेजार आहे, त्यांच्याकडे काही वेगळ्या रीती दिसतात. जाणकारांनी लिहावं. इतर धर्मांच्या मंडळींनीही लिहा.

---

खवचट_खेकडा

माझ्या आईची प्रार्थना एवढी लांब असायची की आमेन येईपर्यंत कडीवर साय धरायची. माझी सगळी उपकारस्तुती त्या आमेनबद्दल असायची, आणि ती शंभर टक्के मनापासून.

---

आबोली_फोंडा

खेकडेबुवा, पहिल्याच प्रतिसादात नांगी मारलीत.

नगरकरताई, मी हिंदू, निवृत्त शिक्षिका. तुमचा 'उपकारस्तुती' हा शब्द मला फार आवडला, आमच्याकडे तो कुणी वापरत नाही. मराठीत आपण 'आभार' म्हणतो, त्यात भार आलाच. म्हणून तर भाषणाच्या शेवटी "आभाराचं ओझं देत नाही" असलं काहीतरी म्हणायची पद्धत आहे. घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं तर तो विचारतो, मी काय परका का?

कोंकणीत याची सोय फार सुंदर आहे. 'देव बरें करूं'. कुणी पाण्याचा तांब्या दिला तरी हेच. म्हणजे मी तुझं देणं लागत नाही, फेडणारही नाही, तुझं बरं देवाने करावं. एका वाक्यात आभारही झाले आणि प्रार्थनाही. माझ्या शेजारच्या कॅथलिक मावशी दिवसातून पन्नास वेळा तरी हे म्हणत असतील. त्यांना कुणी सांगितलं की तुम्ही दिवसातून पन्नास वेळा प्रार्थना करता, तर त्या घाबरतीलच.

---

रायकार_तारवटी

आबोलीबाय, बरोबर. पण तेही सवयीनेच तोंडात येतं हो. मी सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. फिलिपिनो खलाशाने सिगरेट पेटवून दिली तरी माझ्या तोंडून 'देव बरें करूं' निघायचं. त्याला वाटायचं मी ब्रँड सांगतोय.

माझं मराठी चौथीपर्यंतचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या. जहाजावर एक गोष्ट पाहिली. वादळात सगळ्यांना देव आठवतो, बंदर लागलं की सगळ्यांना बार आठवतो. मी त्यात पुढे होतो. म्हणून मला वाटतं, जाणवेल तेव्हा आभार मानू असं ठरवलं तर माणूस फक्त वादळातच आभार मानील. सवय बरी. माझी आई बाराची घंटा झाली की हातातला कोयता खाली ठेवून खुरीस (क्रुसाची खूण) काढायची. सात वाजता परत. तेर्स (रोझरीची प्रार्थना) झालं की आम्ही पोरं सगळ्या थोरांपुढे जाऊन बेसांव (आशीर्वाद) मागायचो. आजीपुढे, आईपुढे, मोठ्या भावापुढेसुद्धा, ज्याच्याशी तासाभरापूर्वी मारामारी झालेली असायची. मनात काय असायचं? भूक. पण हात जोडलेले असायचे.

---

शंकासुर

मला नेहमी पडणारा प्रश्न. ऑपरेशन सर्जन करतो, फी आपण भरतो, आणि आभार देवाचे. बाजूच्या खाटेवरचा माणूस गेला तर मात्र 'देवाची इच्छा'. पास झालो तर देव, नापास झालो तर पेपर कठीण. हा हिशेब कुणी समजावून सांगेल का? भांडायला आलेलो नाही.

---

रात्रपाळी

@शंकासुर, मी परिचारिका आहे. वसईची, कॅथलिक, गोव्यात नऊ वर्षं. तुमचा प्रश्न आमच्या वॉर्डात रोज उभा असतो, त्यामुळे जरा लांब लिहिते.

मागे एक आजी होत्या. मोठी शस्त्रक्रिया झालेली आणि लघवी उतरत नव्हती. मुलगी रात्रभर खाटेखाली वाकून पिशवी बघत होती. पहाटे चारच्या सुमारास नळीत पिवळं दिसलं. मी मोजलं, ४० मिलि. मुलीने विचारलं "किती, सिस्टर?" मी आकडा सांगितला आणि ती तिथे फरशीवरच बसून रडली, मग खुरीस काढला. चाळीस मिलि. आपण दिवसभरात दीड लिटर टाकतो आणि फ्लश ओढून मोकळे होतो. त्या दिवसापासून बाथरूममध्ये गेले की मला हे आठवतं. कुणाला अपवित्र वाटेल, पण माझी सगळ्यात खरी उपकारस्तुती तिथे होते.

आता बाजूची खाट. त्याच रात्री दोन खाटा सोडून एक माणूस गेला. म्हणून मी वॉर्डात कधीही मोठ्याने 'देवाने वाचवलं' म्हणत नाही. बायबलात लूकच्या १८व्या अध्यायातला परुशीही (कर्मठ धार्मिक माणूस) आभारच मानत होता : देवा, मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार. शब्द अगदी बरोबर, आणि प्रार्थना वाया. 'त्याच्यापेक्षा माझं बरं' या पायावर उभे केलेले आभार मला नकोसे वाटतात. आणि हो, सर्जनचे आभार वेगळे मानायचे, तोंडावर मानायचे. देवाचे मानले म्हणून त्याचे फिटत नाहीत.

तो मनुष्य का गेला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

शंकासुर

रात्रपाळीताई, प्रामाणिक उत्तर. हे पटलं नसलं तरी आवडलं.

---

ओवीवेडा

थोडं अवांतर. गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळींसाठी मराठीतून रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. लिहिणारे फादर स्टीफन्स मूळचे इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि इथेच वारले. ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार. आणि पाहा, सुरुवात कशी, तर आपल्या कुठल्याही जुन्या ग्रंथासारखी नमनाने. आधी देवाला नमन, मग कथा. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भजनं लिहिली, ती नगरकडच्या देवळांत (चर्चमध्ये) आजही पेटी-तबल्यावर म्हणतात, नगरकरताईंना माहीत असेलच. मुद्दा असा की मराठीत देवापुढे आधी नमन करायचं आणि मागणं मागाहून, ही शिस्त

---

ओवीवेडा

अर्धवट गेलं, वीज गेली. शिस्त जुनी आहे, एवढंच.

---

खवचट_खेकडा

जुलै महिन्यात गोव्यात अर्धा प्रतिसाद पोचला याबद्दल वीज खात्याची उपकारस्तुती.

---

कुडचडेकार

धागा वाचतोय. एक कडू प्रतिसाद देतो.

माझ्या बाबांचे दोन टिप्पर होते, खाणीवर चालायचे. २०१२ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या. कर्ज चालू, टिप्पर दारात, चाकांभोवती गवत वाढलं. कोर्ट चुकलं असं मी म्हणत नाही, डोंगरांचं काय झालं होतं ते आम्हीही पाहत होतो. पण तेव्हा एक नातेवाईक घरी आले आणि बाबांना म्हणाले, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असं बायबलात पावलूने (संत पॉलने) लिहिलंय. जीव तर शाबूत आहे, देवाचे आभार मान." बाबा उठून मागीलदारी गेले ते पाहुणे जाईपर्यंत आत आले नाहीत.

तेव्हापासून मला 'कृतज्ञ राहा' म्हणणारी माणसं बघवत नाहीत. ज्याचं पोट भरलंय त्याने रिकाम्या ताटाला उपदेश करू नये.

---

अर्धा_पाद्री

@कुडचडेकार, तुमचे बाबा मागीलदारी गेले ते योग्यच केलं. बायबलातल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांचंही असंच झालं होतं. सात दिवस सात रात्री गप्प बसले होते तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि बिघडलं.

नावावरून ओळखलं असेल : सेमिनरीत तीन वर्षं काढली, मग बाहेर पडलो, आता विमा विकतो. तेव्हा शिकलेलं थोडं उरलंय ते सांगतो. थेस्सलनीकाकरांच्या पत्रात (५:१८) 'सर्व स्थितीत' आहे, 'सर्व स्थितीबद्दल' नाही. मूळ ग्रीकमध्येही शब्द 'मध्ये' असाच आहे. कर्जाबद्दल आभार मान असं पावलू म्हणत नाही. कर्जात असतानाही आभार मानण्याजोगं काही सापडतं का ते बघ, असं म्हणतो. फरक मोठा आहे.

---

नगरकरीण_मडगाव

दादा, पण इफिसकरांस ५:२० मध्ये 'सर्व गोष्टींबद्दल' असंच आहे ना? आमच्या पाळकसाहेबांनी त्याच्यावर तासभर संदेश दिला होता.

---

अर्धा_पाद्री

पकडलंत. आहे. म्हणूनच मी विमा विकतो.

(गंमत सोडा. दोन्ही वचनं आहेत आणि दोन्ही एकाच पावलूच्या नावावर आहेत. मला पहिलं जमतं, कधीकधी. दुसरं जमलेली माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली, आणि त्यांनी ते दुसऱ्या कुणाला कधी सांगितलं नाही.)

---

कुडचडेकार

बरं, मग पुढचंही सांगतो, कडूच सांगून थांबणं बरोबर नाही.

त्या काळात कोपऱ्यावरच्या दुकानात आमची वही चालायची. दुकानदार हिंदू, वयाने बाबांएवढा. सात महिने त्याने एकदाही पैशांची आठवण केली नाही. उलट आईने तूरडाळ अर्धा किलो मागितली की तो एक किलो बांधायचा आणि वहीत अर्धाच लिहायचा. हे आम्हाला पुढे कळलं, आई हिशेब स्वतः ठेवायची म्हणून. शेवटचे पैसे द्यायला ती मला बरोबर घेऊन गेली. नोटा काउंटरवर ठेवल्या, वहीवर रेघ मारून घेतली आणि म्हणाली, "देव बरें करूं." एवढंच. आबोलीबाईंनी त्या शब्दांबद्दल लिहिलं तेव्हा मला तो काउंटर दिसला. तो जादाचा अर्धा किलो आई फेडू शकत नव्हती, फेडायला गेली असती तर त्यानेच ओशाळायचं.

बाबा मात्र अजून तेर्साला बसत नाहीत. दारात उभे राहतात. हल्ली आत बघतात.

---

आबोली_फोंडा

वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

---

रायकार_तारवटी

कुडचडेकार बाबा, तुमच्या बाबांना सांगा दारात उभा राहणाराही मोजला जातो. मी इगर्जेत (चर्चमध्ये) कायम दारातच असतो. पंखा तिथेच लागतो.

नगरकरबाय, तुम्ही रीत विचारली होती ना? आमच्या राय गावचं कणसाचं फेस्त, म्हणजे नव्या भाताचा सण, ५ ऑगस्टला आहे, सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताच्या दिवशी. पाद्री विगार शेतात जातो, पिकलेली कणसं विळ्याने कापतो, आशीर्वाद देतो, बँड वाजतो, मिरवणुकीने कणसं इगर्जेत आणायची. मग प्रत्येक घराला चार काड्या. त्या घरच्या अल्ताराजवळ लावायच्या. नवा तांदूळ त्यानंतर खायचा, असा जुन्यांचा नेम. ताळगावात २१ ऑगस्टला असतं, इतर गावांत आपापल्या दिवशी.

एक गुपित. गेल्या वर्षीच्या जुन्या काड्या मी कोंबड्यांना घालतो. हे पाद्र्याबाला सांगू नका.

---

आबोली_फोंडा

काका, आमच्याकडे हेच 'नवें'! चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्या कणसांची पूजा. शेजारच्या मावशींच्या अल्ताराजवळ आणि आमच्या देव्हाऱ्याजवळ एकाच शेतातली कणसं लागलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत. माझी आजी ईस्टरनंतरच्या फेस्ताला म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल घेऊन जायची. तिच्या मते ती लईराई देवीची बहीण. बहिणीला तेल द्यायचं नाही तर कुणाला?

---

शंकासुर

पण काका, एक विचारू? शेत करतो कोण आता? सासष्टी तालुक्यात निम्मी शेतं पडीक दिसतात मला गाडीतून. तांदूळ दुकानातला, कणसं मात्र मिरवणुकीने.

---

रायकार_तारवटी

माझं स्वतःचं शेत अकरा वर्षं पडीक आहे. मुलगा जहाजावर, सून दुबईला, माझे गुडघे गेले. तांदूळ मी दुकानातून आणतो, पिशवीवर दुसऱ्याच राज्याचं नाव असतं. दर वर्षी कणीस हातात घेताना लाज वाटते. खोटं बोलत नाही.

पण म्हणून घ्यायचं सोडू? ते शेत नांगरलं नाही ही माझी चूक. भात उगवतो ही काही माझी करामत नाही. आणि आमच्या 'आमच्या बापा' या प्रार्थनेत आम्ही भाकर मागत नाही, 'गिरास' मागतो. म्हणजे घास. एकच. तो कुणाच्या शेतातून आला हे मात्र विचारायला हवं, हे तुमचं खरं.

---

रात्रपाळी

काका, तुमच्या लाजेवरून आठवलं. इथे लग्नाआधी घरात गोरगरिबांना जेवू घालतात ना, 'भिकाऱ्यांचें जेवण', गेलेल्या पूर्वजांच्या नावाने? माझ्या मैत्रिणीच्या घरी गेले होते. तिची आई पाटावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला वाढत होती आणि तोच तिला 'देव बरें करूं' म्हणण्याऐवजी सांगत होता, "मीठ कमी आहे." तिने जाऊन मीठ आणलं. आणि नंतर मैत्रिणीला म्हणाली, बरं झालं बोलला, नाहीतर उद्या सगळं लग्न अळणी जेवलं असतं. कोण कुणावर उपकार करतोय ते तिथे कळेना.

---

खवचट_खेकडा

त्या म्हाताऱ्याला मी आमच्या ऑफिसच्या कँटीनसाठी ठेवून घ्यायला तयार आहे.

---

अर्धा_पाद्री

मूळ प्रश्नाकडे येऊ या, ताई वाट बघत असतील.

लोयोलाच्या संत इग्नासने रात्रीच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यातली पहिली पापं आठवण्याची नाही, उपकार आठवण्याची आहे. आधी मिळालं काय ते बघ, मग चुकलं काय ते. आम्हाला शिकवणारे एक म्हातारे फादर याला एकच जोड द्यायचे : सामान्यनाम चालणार नाही. 'अन्नाबद्दल आभार' म्हटलं की ते म्हणायचे, "कसलं अन्न?" 'सुंगटांच्या (कोळंबीच्या) कडीबद्दल.' "कुणी केली?" 'स्वयंपाकी दादाने.' "त्याचं नाव काय?" आम्हा सोळा जणांपैकी तिघांनाच नाव माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सगळे स्वयंपाकघराच्या दारात. दादा घाबरला, त्याला वाटलं तक्रार आहे.

येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्टही मी तशीच वाचतो. ते नऊ काही वाईट नव्हते. याजकांकडे जा, असं सांगितलं होतं, ते चालले होते. दहावा, शोमरोनी, रस्त्यात हाताकडे बघून मागे वळला. नऊ जणांचा रोग काही परत आला नाही. त्यांना बरं होणं मिळालं. दहाव्याला बरं करणाऱ्याचं तोंडही पाहायला मिळालं.

---

नगरकरीण_मडगाव | २८ जुलै, रात्री ९:५०

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. (आबोलीताई, भार घ्या.)

पंधरा दिवस एक करून पाहिलं, ते सांगते. आजेसासूबाईंची प्रार्थना ठेवली, काकांचं पटलं म्हणून. मात्र कुकर उतरल्यावरच ती सुरू करायची. आणि आमेनच्या आधी प्रत्येकाने एक वस्तू सांगायची, पाद्रीदादा म्हणाले तशी, नावानिशी. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला "वेर्ण्याच्या चढावर ट्रक नव्हते." मुलगा म्हणाला "दात पडला आणि रक्त आलं तेव्हा बाकावरच्या मित्राने रुमाल दिला, आणि परत मागितला नाही." माझ्या तोंडात आधी काही येईना. मग म्हणाले, खिडकीतला कपडा वाळला. जुलैत. खरोखर तेवढंच सुचलं.

चार दिवस मात्र सपशेल फसले. एकदा भांडण झालं होतं आणि नवरा म्हणाला, "आज माझ्याकडे काही नाही." आम्ही थांबलो, मग जेवलो. मुलाने विचारलं, असं चालतं का? मी म्हटलं चालतं, स्तोत्रांमध्येही चालतं.

नगरच्या देवळात उपकारस्तुतीची पाकिटं असतात. वाढदिवस, पास झाले, बाळंतपण सुखरूप झालं, की पाकिटात पैसे घालून द्यायचे आणि वाचून दाखवायचे. लहानपणी आम्ही कुणाचे किती तेवढंच ऐकायचो. मुलाला ही पद्धत सांगितली तर तो म्हणाला, मग पोदेराला (पाववाल्याला) देऊ या, तो पावसात रोज येतो. काल सकाळी भोंगा वाजल्याबरोबर छत्री न घेता फाटकापर्यंत पळाला, पोयी घेतल्या आणि मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकतील असं म्हणाला, "देव बरें करूं!"

पोदेर सायकल सावरत म्हणाला, "तुजें बरें करूं पुता. आवयक (आईला) सांग, पंदरा दिसांचे पयशे उरल्यात."

---

खवचट_खेकडा

पाकीट तयार ठेवा ताई. आणि वाचून दाखवू नका.

---

रायकार_तारवटी

नगरकरबाय, ५ तारखेला पोराला घेऊन रायला या. सकाळी लवकर. गाडी आणू नका, ठेवायला जागा मिळत नाही, मडगावहून बस आहे. मी इगर्जेच्या दारात असेन, पंख्याखाली. कुडचडेकार, बाबांनाही आण. दारात जागा भरपूर आहे.